सव्वासातला कुकर, आठला ताट: बांगडा-चवळीच्या एका जेवणाचं प्रकरण

फेब्रुवारीत ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा, त्याच्या मधोमध मी. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. म्हणाले, रोज चाला, चार किलो वजन उतरवा आणि रात्रीचा भात कमी करा. चालणं आणि वजन हा माझा एकट्याचा प्रश्न होता. भाताचा प्रश्न मात्र सगळ्या घराचा, कारण रात्रीचा स्वयंपाक आमच्याकडे मी करतो.

घरातली माणसं चार. मी ठाण्याहून डोंबिवलीला सातपर्यंत पोचतो. बायको फोर्टातल्या ऑफिसातून येते, तिला सव्वाआठ होतात. मुलगी नववीत आहे, ती आठला क्लासहून येते. आई पंचाहत्तरीची, माहेर रायगडातल्या रेवदंड्याचं. ती सकाळचं बघते, पण संध्याकाळी ओट्याशी उभं राहणं आता तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. म्हणजे माझ्या हातात सात ते आठ हा एक तास. त्यात चहा, हातपाय धुणं आणि आईशी दोन शब्द बोलणं वजा जाता पाऊण तास.

आधीचं ताट असं असायचं: रव्यात घोळवून तळलेला बांगडा, पातळ कालवण आणि प्रत्येकी दोन मुदी भात. आठवड्यातून दोनदा लोकल रखडायची, तेव्हा बाहेरचं पार्सल. डॉक्टरांचं ऐकून मी दुसऱ्याच दिवसापासून भात निम्मा केला आणि बाकी काही बदललं नाही. चार दिवसांत कळलं की रात्री अकराला फरसाणाचा डबा आपोआप उघडतो. भात काढला की ताटात खड्डा पडतो, आणि तो भरला नाही तर माणूस दुसरीकडून भरून काढतोच. या प्रकरणाचं मूळ मला तिथे सापडलं. भाताच्या जागी पोट धरून ठेवेल असं काहीतरी हवं होतं, माशाशी जमेल असं, आणि पाऊण तासात होणारं.

माशात कडधान्य?

शोधाशोध केली तेव्हा पहिल्यांदा इटलीतल्या तोस्कानाकडचा पदार्थ दिसला: डबाबंद ट्यूना, पांढऱ्या घेवड्याचे दाणे, कच्चा कांदा, ऑलिव्हचं तेल. वाचायला छान वाटलं. पण आमच्या घरी थंड मासा कोण खाणार? आईला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता थांबली.

"अरे, मग सोडे घालून वालाचं बिरडं आपण काय म्हणून खात होतो? पावसात दुसरं होतं काय?"

मला एकदम लख्ख आठवलं. रायगडात भात कापून झाला की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वर्षभराचे कडवे वाल घरात भरलेले, आणि उन्हाळ्यात वाळवलेली सुकट, जवळा, सोडे डब्यात. आषाढात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असताना या दोघांची गाठ पातेल्यात पडायची. मासा आणि कडधान्य एकत्र शिजवणं किनारपट्टीच्या घरांना कधीच नवं नव्हतं. मी ते मुंबईच्या धबडग्यात विसरलो होतो, इतकंच.

पण दोघांची गाठ का घालायची, हे पोषणाच्या अंगानेही पाहायला हवं. बांगड्यात उत्तम प्रथिनं आहेत, ब-१२ आहे, ओमेगा-३ चरबी आहे. तंतू, म्हणजे फायबर, मात्र त्यात शून्य. चवळीत तंतू आहेत, फोलेट आहे, लोह आहे, पण तिच्यातलं लोह शरीर सहजासहजी उचलत नाही. त्याच जेवणात मासा किंवा मटण असेल, किंवा वर लिंबू पिळलेलं असेल, तर ते जास्त शोषलं जातं. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण मुलीचं हिमोग्लोबिन १०.९ होतं. तिच्या वयाला ते किमान १२ हवं. म्हणजे एकाच पातेल्यातून माझी साखर आणि तिचं लोह, दोन्हींना हात घालता येत होता. जेवणानंतर लगेच चहा प्यायची तिची सवय तेव्हाच बंद केली, कारण चहातलं टॅनिन हेच लोह अडवतं.

राजमा का नाही, असं बायकोने विचारलं होतं. राजमा चांगलाच आहे, पण त्याला रात्रभर भिजवणं आणि नीट शिजवणं यात कसूर चालत नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. दाणा अर्धवट शिजला तर थोड्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. खळखळून उकळलं किंवा कुकरला व्यवस्थित शिजवलं की धोका जातो. तरी घाईच्या संध्याकाळी, डोळे घड्याळाकडे असताना, मला असं धान्य नको होतं. चवळी माफ करणारी आहे. सात-आठ तास भिजली तर तीन शिट्ट्यांत मऊ होते, आणि भिजवायला विसरलो तरी दोन-तीन शिट्ट्या वाढवून काम भागतं.

पहिला प्रयत्न

पहिल्यांदा मी सगळं एकदम केलं. भिजलेली चवळी, वाटण, हळद, मसाला, आमसुलं, मीठ, सगळं कुकरात, तीन शिट्ट्या. झाकण उघडलं तर चवळी दाताखाली कडक. आणखी दोन शिट्ट्या काढल्या, तरी साल चिवटच. मग तसंच पातेल्यात ओतून बांगडे सोडले आणि चवळी शिजेल या आशेने वीस मिनिटं उकळत ठेवलं. शेवटी चवळी टणक राहिली आणि माशाचा भुगा झाला. काटे मात्र रश्शात सगळीकडे पसरले. मुलीने ताट बाजूला सारलं.

चूक आमसुलाची वेळ ही होती. आंबट पाण्यात कडधान्याच्या पेशींच्या भिंती सुटत नाहीत, त्यामुळे दाणा कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो, काहीही असो, दाणा बोटांनी चेपला जाईल इतका शिजल्यावरच घालायचं. आई हे आयुष्यभर करत आली होती. कारण विचारलं तर म्हणाली, "आंबट आधी घातलं की वाल रुसतात." मला हे कारण पेशींच्या भिंतींपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

माशाचं त्याच्या उलट. बांगड्याची तुकडी उकळत्या रश्शात पाच-सहा मिनिटांत होते. त्यापुढचं प्रत्येक मिनिट ती कोरडी पडते आणि फुटते. म्हणजे ज्याला वेळ लागतो ते आधी आणि वेगळं, आणि ज्याला लागत नाही ते सगळ्यात शेवटी. वाचताना हे उघड वाटेल, पण त्या दिवशीचं जेवण गेलं ते याच्यामुळे.

दुसरी चूक, आणि ही गंभीर

संध्याकाळी बाजारात चांगला मासा उरत नाही, म्हणून मार्चमधल्या एका गुरुवारी मी ठाण्याला जेवणाच्या सुट्टीत बांगडे घेतले. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत, पोट बोटाला घट्ट. कोळणीने साफ करून दिले. मी ते पिशवीत घालून टेबलाखाली ठेवले. एक वाजल्यापासून सहापर्यंत, बर्फाशिवाय, मार्चच्या उन्हात. वर लोकलचा तास. घरी आल्यावर वास घेतला तर काही वावगं वाटलं नाही. कालवण चवीलाही चांगलं झालं.

जेवून अर्धा तास झाला नसेल, मुलीचा चेहरा आणि मान लाल झाली. कान तापले. डोकं ठणकतंय म्हणाली. हातांवर गांधी उठल्या. पाच मिनिटांत बायकोलाही तसंच व्हायला लागलं. आईचा गुरुवार होता, ती पिठलं-भाकरी जेवली होती, ती ठीक. आई म्हणाली, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव." तिने स्वतः आमसुलं कोळून मुलीच्या हातांना लावली. मी फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माशाचा: कुठला, कधी घेतला, बर्फात होता का?

बांगडा, ट्यूना, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. हे हिस्टामाइन ना तळून जातं, ना उकळून, ना नंतर फ्रीजमध्ये ठेवून. मासा कुजल्याचा वास येण्याआधीच ते पुरेसं तयार झालेलं असू शकतं. लक्षणं अगदी ॲलर्जीसारखी दिसतात, म्हणून पुष्कळ घरांत "हिला बांगडा सोसत नाही" असा शिक्का मारून मासाच बंद होतो. डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी सांगितली. श्वास लागला, ओठ किंवा घसा सुजला तर थेट रुग्णालयात न्या, असंही बजावलं. दोन-तीन तासांत दोघींना उतार पडला. मी रात्री दोनपर्यंत मुलीच्या उशाशी बसून होतो.

माझ्या हाताने घेतलेला मासा, माझ्या टेबलाखाली ठेवलेला. तेव्हापासून नियम एकच: बांगडा विकत घेतल्यापासून चुलीवर जाईपर्यंत थंडच राहील. मी आता रविवारी सकाळी बाजारात जातो, सोबत जाड डबा आणि त्यात बर्फ. घरी आल्या आल्या धुऊन, पुसून, हळद-मीठ लावून एका जेवणाचे चार बांगडे एका डब्यात, असे दोन डबे फ्रीजरमध्ये. ज्या दिवशी करायचे त्या दिवशी सकाळी डबा फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये येतो. ओट्यावर वितळायला ठेवत नाही. तेलकट मासा फ्रीजरमध्येही हळूहळू खवट होतो, म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहू देत नाही.

आता बसलेली घडी

सकाळी सातला आई दीडशे ग्रॅम चवळी भिजवते. एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसभर बाहेर राहिलेल्या पाण्याला आंबूस वास येतो, म्हणून तेव्हा वाडगा फ्रीजमध्ये. पांढरी, डोळ्याची चवळी लवकर शिजते. बारीक तांबडी चवीला सरस, पण तिला दोन शिट्ट्या जास्त लागतात.

सव्वासातला भिजवणीचं पाणी फेकून चवळी ताज्या पाण्यात कुकरला लावतो. ज्या साखरेने पोटात वारा धरतो, तिच्यातली बरीचशी त्या फेकलेल्या पाण्याबरोबर जाते. दुसऱ्या शेगडीवर भात. शिट्ट्या होईपर्यंत वाटण: अर्धी वाटी ओलं खोबरं, सहा-सात लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर.

इथे एक गोष्ट हाताला लागली ती मुद्दाम सांगतो. पूर्वी आम्ही एवढ्या कालवणाला वाटीभर खोबरं घालायचो. आता खोबरं निम्मं, आणि त्याच्या जागी शिजलेली दोन मोठे चमचे चवळी वाटणातच फिरवतो. रस्सा तितकाच दाट होतो, भाताला धरतो, आणि खोबऱ्याची चव हरवत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा आईने बोटाने रस्सा चाटून पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि "खोबरं चांगलं गोड मिळालंय" म्हणाली. तेव्हा मी सांगितलं.

साडेसात-पस्तीसला पातेल्यात दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण बदामी होईपर्यंत, मग वाटण, हळद, दीड चमचा घरचा मसाला. तेल सुटलं की शिजलेली चवळी तिच्या पाण्यासकट. चार-पाच मिनिटं चांगलं उकळू द्यायचं. मग पाच आमसुलं. मीठ अगदी शेवटी आणि चाखून, कारण माशाला आधीच लागलेलं असतं. पावणेआठ वाजून गेले की बांगडे एकेक करून रश्शात सरकवायचे आणि त्यानंतर चमचा पातेल्यात घालायचा नाही. कडेला फडक्याने धरून पातेलं नुसतं हलवायचं. आच मध्यम, झाकण अर्धं. सहा मिनिटं. सुरीच्या टोकाने मणक्याजवळ उचललं की मांस पांढरं पडून काट्यापासून सुटलं, म्हणजे झालं. गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच राहिलं तर आंबट आत मुरतं. तोवर काकडी चिरून होते, मुलगी येते, बायको जिना चढत असते.

सिंधुदुर्गाकडची माझी मैत्रीण सांगते की बांगड्याला तिरफळ हवंच. तिच्या घरच्या कालवणात ते असतं आणि ते फार छान लागतं. आईला त्याची सवय नाही, म्हणून आमच्याकडे नाही.

हिशेब मांडला तो असा. चार मध्यम बांगडे, अख्खे साधारण सहाशे ग्रॅम. डोकं, पोट, काटे जाऊन तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम मांस उरतं. माणशी ऐंशी ग्रॅम, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. चवळीतून आणखी नऊ. पंचवीस ग्रॅम एका ताटात. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज असं प्रमाण दिलं. माझं वजन ७२ किलो, म्हणजे दिवसाला साठ. त्यातला चाळीस टक्के वाटा या एका जेवणात येतो. तंतू माणशी चार ग्रॅम, जे तळलेला बांगडा आणि भात यांत जवळपास नव्हतेच.

भात दीड वाटीचा एक वाटी झाला, चौघांत. आम्ही आणखी एक केलं: आधी काकडी, मग चवळी आणि मासा, भात शेवटी. खाण्याचा क्रम असा ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे मी माझ्या बोटावर मोजून पाहिलं. तळलेला बांगडा आणि दोन मुदी भात खाल्ल्यावर दोन तासांनी घरच्या यंत्रावर १६८ आलं होतं. चवळीच्या ताटानंतर वेगवेगळ्या तीन दिवशी १३४, १४१ आणि १३७. घरच्या यंत्रात थोडी चूक धरूनही फरक दिसतो. फरसाणाचा डबा अजून घरात आहे, पण रात्री त्याची आठवण होत नाही.

जूनमध्ये एचबीएवनसी ५.८ आलं. ते सगळं या पातेल्याच्या खात्यावर टाकणं बरोबर होणार नाही. मी रोज पाऊण तास चालत होतो, चहातली साखर सोडली होती, पार्सल जवळपास बंद होतं. पण पार्सल बंद झालं तेही हे जेवण वेळेत होऊ लागल्यामुळे, हेही तितकंच खरं. मुलीचं हिमोग्लोबिन ११.६ झालं. तिला डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली होती, तेव्हा तिथेही श्रेय वाटून घ्यावं लागेल.

सगळ्यांना हे ताट चालेलच असं नाही. माझ्या मोठ्या भावाचं यूरिक ॲसिड वाढलेलं असतं, त्याचा अंगठा सुजतो. बांगड्यात प्युरीन जास्त, शरीरात त्याचंच यूरिक ॲसिड होतं, त्यामुळे तो आमच्याकडे आला की त्याला चवळीचा रस्सा आणि भाकरी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही प्रथिनांचा हा हिशेब आपल्या डॉक्टरांना दाखवूनच धरावा.

मुलीशी अजून पूर्ण जमलेलं नाही. तिला काट्यांचा कंटाळा. बांगड्याला मधला मणका सोडला तर त्रास देणारे काटे कमी, तरी ती प्रत्येक घास उलगडून बघते. तिच्यासाठी उरलेल्या बांगड्याचं मांस सोडवून, शिजलेली चवळी चेचून, कांदा-कोथिंबीर घालून तव्यावर कमी तेलात टिक्क्या केल्या. त्या तिने डब्यात नेल्या आणि डबा रिकामा आला. आता चवळी मुद्दाम मूठभर जास्त शिजते.

१ जून ते ३१ जुलै राज्याच्या समुद्रात यांत्रिकी होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, ती बंदी पाळलीच पाहिजे. या दोन महिन्यांत बाजारात येणारा बांगडा कुठून आणि किती दिवसांचा, हे मला सांगता येणार नाही, आणि मार्चनंतर मी तो धोका घेत नाही. म्हणून सध्या आईचं राज्य आहे. दोन रात्री आधी वाल भिजतात, मग फडक्यात बांधून मोड येतात, मग कोमट पाण्यात टाकून ती खिडकीशी बसून सोलते. दोन बोटांत दाणा धरून चिमटा काढला की साल एकीकडे आणि हिरवट डाळिंबी एकीकडे. सोललेले वाल डब्यांतून फ्रीजरमध्ये, बांगड्यांच्या रिकाम्या जागी. सोडे गरम पाण्यात पंधरा मिनिटं, दोनदा धुऊन, लसणाच्या फोडणीत परतून, वर वाल. वाल मऊ पडल्यावर आमसूल. खारवलेला बांगडा आईला फार आवडतो, पण तिचं ब्लडप्रेशर आणि दिवसाचं पाच ग्रॅम मिठाचं माप बघता तो महिन्यातून एकदाच.

काल सोडे परतताना ती खुर्ची ओट्याजवळ ओढून बसली. मी वाल घातले आणि सवयीने आमसुलाच्या बरणीला हात लावला.

"थांब," ती म्हणाली, "अजून एक उकळी."